राजारामला ४३, आयर्विनला ४५, पण आमच्या दारात किती? गावाचा पूरनकाशा करतानाचा अनुभव

पावसाळा सुरू झाला की आमच्या शिरोळ तालुक्यात सगळ्यांच्या मोबाईलवर रोज सकाळी नदीच्या पाणीपातळीचा एक मेसेज फिरतो. राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ, नृसिंहवाडी, राजापूर, आणि प्रत्येकापुढं फूट-इंच. पंचगंगेचं राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट झालं की इशारा आणि ४३ ला धोका, कृष्णेचं सांगलीत आयर्विन पुलाला ४० आणि ४५, हे आमच्याकडं शाळेतल्या पोरांनापण पाठ असतं. पण ४३ झालं म्हणजे आमच्या गावातला नेमका कुठला रस्ता जाणार, डेअरीपर्यंत येणार का, शाळेत माणसं ठेवायची का नाही, याचं उत्तर त्या मेसेजमध्ये नसतं. ते असतं गावातल्या चार-पाच म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात, आणि २०१९ ला तेच डोकं आडवं आलं. "२००५ ला इथंवर आलं नव्हतं, आता कशाला येतंय" म्हणून लोक घरात बसून राहिले, आणि त्या वर्षी आयर्विनला साडेसत्तावन्न फुटांपर्यंत पाणी गेलं. पुढं काय झालं ते सगळ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर बघितलंच आहे.

मी पुण्यात जीआयएसचं, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे करायचं काम करतो. म्हणजे दिवसभर कुठल्यातरी लांबच्या देशातल्या फायबर केबली नकाशावर ओढत बसायचं. ऑफिसच्या प्रेझेंटेशनमध्ये याला जिओस्पेशियल इंटेलिजन्स वगैरे भारी नाव असतं, आणि गावात काका विचारतात "म्हंजे तलाठ्याचं काम का?" तर २०२१ ला परत पूर आला आणि परत तेच फोन चालू झाले, तेव्हा म्हटलं हे केबलींचं बास, एकदा आपल्या गावाचा नकाशा करून बघूया, सॅटेलाईटचा डेटा फुकट मिळतो, क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, लागतोय तो फक्त वेळ.

पहिल्यांदा कुणालाही सुचतं तेच मलाही सुचलं, फोटो. युरोपवाल्यांचे सेंटिनेल-२ उपग्रह दर पाच दिवसांनी आपल्यावरून जातात, १० मीटरचा पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल साधारण एका गुंठ्याएवढा. उन्हाळ्यातलं चित्र उघडलं तर गाव काय सुंदर दिसतंय, उसाचे पट्टे, नदीचं वळण, मळीची म्हणजे नदीकाठची जमीन, सगळं. आणि ऑगस्टचं उघडलं की पांढरंफेक. नुसते ढग. महापुराच्या आठवड्यातलं एक चित्र धड मिळेल तर शपथ, कारण ज्या ढगांमुळं पूर येतो तेच ढग कॅमेऱ्याच्या आड येणार, यात सॅटेलाईटचा काही दोष नाही.

म्हणून मग रडार. सेंटिनेल-१ नावाचा उपग्रह स्वतःच रेडिओ लहरी खाली सोडतो आणि परत किती येतात ते मोजतो, त्यामुळं ढग असो रात्र असो त्याला फरक पडत नाही. ओल्या फरशीवर तिरका टॉर्च मारला की उजेड पलीकडं निघून जातो आणि आपल्याला फरशी काळी दिसते, तसंच पाण्याचं होतं, संथ पाण्यावरून लहर पुढं निघून जाते, परत येत नाही, म्हणून रडारच्या चित्रात पाणी काळं. जमीन, झाडं, घरं यांवरून लहर कमीजास्त परत येते म्हणून ती करडी किंवा पांढरी. तत्त्व एवढंच आहे, बाकी सगळी कटकट.

कटकट म्हणजे काय, तर या चित्रात दाणे दाणे असतात, जुन्या टीव्हीला मुंग्या यायच्या तसले, ते फिल्टर लावून कमी करायचे. मग पुराच्या आधीचं चित्र आणि पुरातलं चित्र घेऊन दोन्हींची तुलना करायची, म्हणजे नदी, रंकाळ्यासारखे तलाव, जिथं कायमच पाणी असतं ते आपोआप वजा होतं आणि नव्यानं काळी झालेली जागा तेवढी राहते. यात एक गोष्ट लक्षात ठेवा, दोन्ही चित्रं उपग्रहाच्या एकाच वाटेवरची पाहिजेत, कोन बदलला की सगळंच बदलतं. संयुक्त राष्ट्रांच्या यूएन-स्पायडरनं यासाठी एक पद्धत तयार करून ठेवली आहे, गूगल अर्थ इंजिनवर चालणारा कोड आहे, दोन चित्रांचा भागाकार करायचा, १.२५ च्या वर गेलं की पूर समजायचं, कायमचं पाणी काढायचं, ५ टक्क्यांपेक्षा जास्त उतार असेल तर तेही काढायचं कारण डोंगरावर पूर थांबत नाही, आणि एकटे-दुकटे सुटे पिक्सेल पुसून टाकायचे. लॅपटॉपवर काही डाउनलोड पण करावं लागत नाही. अकाउंट काढलं, आमच्या तालुक्याची चौकट टाकली, तारखा टाकल्या, रन दाबलं, आणि थोड्या वेळात स्क्रीनवर कृष्णा-पंचगंगेचा संगम निळाभोर पसरलेला. खरं सांगतो, अंगावर काटा आला. नृसिंहवाडीच्या दोन्ही बाजूंना नदी म्हणून वेगळी उरलीच नव्हती.

लगेच पीडीएफ करून आबांना पाठवला. आबा म्हणजे माझे चुलते, मळीत ऊस आहे, सत्तरी ओलांडली तरी व्हॉट्सॲपवर सगळ्यात आधी गुड मॉर्निंग त्यांचाच. अर्ध्या तासात फोन.

"आरं, ह्यात आपला ऊस कोरडा दाखवलाय की."
"कुठला आबा?"
"मळीतला. ओढ्याच्या अलीकडं. तिथं छातीएवढं पाणी हुतं, मी सोता मोटर काढाय गेल्तो."

झूम करून बघितलं तर खरंच, नदीकाठचा निळा पट्टा ओढ्यापाशी येऊन थांबत होता आणि पुढं आबांच्या रानापासून गावाच्या निम्म्या शिवारापर्यंत कोरडं ठणठणीत. त्याच्या पलीकडं खोलगट पडीक रानात परत निळं. आता पाणी काय उडी मारून पलीकडं जातंय का.

याचं कारण पुस्तकात असतं पण ऊस समोर असल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. सेंटिनेल-१ ची लहर साडेपाच सेंटिमीटरच्या आसपासची, सी-बँड म्हणतात. दहा-बारा फुटी उसाच्या पाल्यात ती शिरतच नाही, वरच्या वर पाल्यात आपटून परत येते. म्हणजे बुडख्यात पाच फूट पाणी असलं तरी वरून शेंडे डोकं काढून उभे आहेत तोवर रडारला नेहमीचाच ऊस दिसतो. ऊस पूर्ण बुडाला किंवा आडवा झाला तरच काळं. आणि आमच्या तालुक्यात ऊस सोडून दुसरं आहे काय. भाताच्या नाहीतर उघड्या मैदानाच्या भागात ही पद्धत झकास चालत असेल, पण कृष्णाकाठी निम्मा पूर उसाखाली लपतो.

दुसरी गंमत गावठाणात. घराची भिंत आणि समोरचं पाणी असा काटकोन झाला की लहर पाण्यावरून भिंतीवर आणि भिंतीवरून परत उपग्रहाकडं जाते, म्हणजे पाणी शिरलेली गल्ली काळी दिसायच्या ऐवजी उलट जास्तच उजळ दिसते. त्यामुळं नकाशात गावठाण हे निळ्या समुद्रात एक कोरडं बेट, आणि ज्यांच्या माळ्यापर्यंत पाणी होतं ती माणसं त्या बेटाकडं बघून मला फोन करणार.

तिसरं म्हणजे तारीख. आपल्या भागावरून हा उपग्रह त्याच वाटेनं साधारण बारा दिवसांनी येतो. पूर काय उपग्रहाचं टाइमटेबल बघून चढत नाही. मिळालेलं चित्र हे त्या दिवशीच्या त्या वेळेचं, पाणी सगळ्यात वर होतं त्या रात्रीचं असेलच असं नाही. पेपरात नाहीतर बातम्यांत असले नकाशे येतात तेव्हा त्यावर तारीख आणि वेळ आहे का ते आधी बघत जा. नसेल तर तो नकाशा फक्त बघायला बरा.

(आता नासा आणि इस्रोचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्यावरून गेलाय, त्यात चोवीस सेंटिमीटरची एल-बँड लहर आहे, ती पाल्यातून जास्त आत जाते. उसाखालचं पाणी त्याला दिसलं तर मजा येईल, मी डोळे लावून बसलोय.)

तर रडारचा नकाशा तालुक्याला उपयोगाचा, कुठल्या गावांना वेढा पडलाय, बोटी कुठं पाठवायच्या, एवढं त्यातून नक्की कळतं आणि हैदराबादची एनआरएससी ही इस्रोची संस्था पुराच्या वेळी असे नकाशे काढून प्रशासनाला देतच असते. पण गल्लीचं उत्तर त्यातून निघणार नाही हे मला कळून चुकलं. गल्लीला उंची लागते. कुठली जागा किती उंच आणि पाणी कितीवर, बास.

उंचीचा फुकट डेटापण असतो. सर्व्हे ऑफ इंडियाचा टोपोशीट आहे, आमचा भाग ४७ एल मध्ये येतो, पण त्यात समोच्च रेषा २० मीटरला एक. आमचं अख्खं गाव दोन रेषांच्या मध्ये मावतंय, काय करायचं त्याचं. मग नासाचा एसआरटीएम, २००० साली स्पेस शटलमधून मोजलेला, आणि युरोपचा कोपर्निकस डीईएम, दोन्ही उंचीचे नकाशे, ३० मीटरच्या पिक्सेलचे. ते लावून बघितलं तर परत ऊसच. ही सगळी मापं वरून घेतलेली, त्यामुळं जिथं ऊस उभा होता तिथं "जमीन" तीन मीटर वर, शेजारी तोडणी झालेल्या रानात खाली. सपाट नदीकाठाला एका मीटरचा फरक म्हणजे पाणी कुठल्याकुठं जातं, तिथं तीन मीटर म्हणजे विषयच संपला.

मग ठरवलं गावातच मोजायचं. दिवाळीच्या सुट्टीत गेलो आणि आबांना घेऊन पुराच्या खुणा गोळा करायला लागलो, आणि या सगळ्या कामातला हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला. सरकारी खूण म्हणजे लाल रेषा, निळी रेषा, शंभर वर्षांतनं एकदा आणि पंचवीस वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराच्या, त्या बांधकाम परवानगीच्या कागदावर असतात. गावातल्या खुणा वेगळ्या. मारुतीच्या देवळात खांबावर ऑइलपेंटनं रेघ मारून २००५ आणि त्याच्या वर हातभर अंतरावर २०१९. डेअरीत बल्क कूलरच्या मागं भिंतीला गाळाची रेघ, रंग मारलाय तरी आतून पिवळट उमटलेली. एका काकूंच्या घरात देवळीत समई असते, त्या म्हणाल्या समई तरंगाय लागली तवा आम्ही भाईर पडलो, मग आम्ही देवळीचा तळ मोजला. एकजण खांद्यापर्यंत पाणी होतं म्हणाला तर आबा लगेच "कुणाच्या खांद्यापर्यंत, तुज्या का तुज्या बायकोच्या?" तसल्या सांगीवांगीच्या खुणा वेगळ्या रंगात टाकल्या आणि भिंतीवर प्रत्यक्ष रेघ आहे त्याच पक्क्या धरल्या.

मोबाईलच्या जीपीएसनं ही उंची घ्यायच्या भानगडीत पडू नका. आडवं अंतर तीन-पाच मीटरनं चुकतं ते एकवेळ चालेल, पण उंची भलतीच येते. इचलकरंजीतल्या एका सर्व्हेयर मित्राकडून रोव्हर, म्हणजे नेमकं मोजणारं जीपीएस, भाड्यानं आणला. दोन मीटरची काठी, वर टोपीसारखा अँटेना, हातात कंट्रोलर. सर्व्हे ऑफ इंडियानं महाराष्ट्रभर कायमची जीपीएस स्टेशनं बसवली आहेत, कॉर्स म्हणतात, रजिस्ट्रेशन केलं की त्यांच्याकडून इंटरनेटवरून दुरुस्ती मिळते आणि उंची काही सेंटिमीटरमध्ये येते. काठी खुणेच्या खाली टेकवायची, बुडबुडा गोलाच्या मधोमध आणायचा, आणि स्क्रीनवर "फिक्स" यायची वाट बघायची. "फ्लोट" दाखवत असेल तर आकडा घ्यायचा नाही. चावडीसमोरच्या चिंचेखाली फिक्स काय यायलाच तयार नाही, पोरं गोळा झाली, एकानं विचारलं "दादा, टॉवर आणायलाय का गावात?" शेवटी झाडापासून लांब पॉइंट घेऊन तिथून साध्या पाण्याच्या लेव्हल ट्यूबनं उंची खुणेपर्यंत नेली. गवंडी लोक वापरतात ती पारदर्शक नळी. सॅटेलाईट ते गवंड्याची नळी, एका दुपारात सगळं.

इथं एक तांत्रिक गोष्ट सांगतो कारण यात भले भले अडकतात. जीपीएस जी उंची देतं ती पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची, समुद्रसपाटीपासूनची नाही. आपल्या भागात या दोन्हींत पन्नास मीटरपेक्षा जास्त फरक आहे. रोव्हरमध्ये जिओइडचं, म्हणजे समुद्रसपाटी कुठं धरायची त्याचं मॉडेल टाकलं नाही आणि ते आकडे धरणाच्या नाहीतर बंधाऱ्याच्या पातळीशी जोडले तर गाव समुद्राच्या दिशेनं खाली गेलेलं दिसेल. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर ही समुद्रसपाटीपासूनची आहे. पानपट्टीवर अलमट्टीच्या फुगीवर, म्हणजे धरणामुळं मागं तुंबणाऱ्या पाण्यावर भांडणारे आमचे सगळे तज्ज्ञ मोबाईलमधली उंची काढून दाखवायला लागतात तेव्हा मी गप चहा पितो, त्या वादात मला पडायचं नाही.

खुणांच्या उंच्या आल्यावर पुढचं काम सोपं निघालं. प्रत्येक पक्क्या खुणेला वर्ष आहे, आणि त्या वर्षी नृसिंहवाडीला पाणी जास्तीत जास्त कितीपर्यंत गेलं ते माहीत आहे. राजाराम आणि आयर्विन दोन्ही सोडून वाडीचा आकडा का घेतला, तर आमचं गाव संगमाच्या खाली आहे, एकट्या पंचगंगेवर किंवा एकट्या कृष्णेवर आमचं काही ठरत नाही. तसंही आमच्याकडं दक्षिणद्वार सोहळा झाला का, म्हणजे दत्ताच्या देवळात पाणी शिरून दक्षिण दारानं बाहेर पडलं का, यावरूनच लोक पिढ्यानपिढ्या अंदाज बांधतात, मी फक्त त्याला आकडा चिकटवला. पाणी सपाट नसतं, नदीच्या उताराबरोबर तेही थोडं उतरतं असतं, म्हणून वाडीची पातळी आणि गावातली पातळी यातला फरक २०१९ आणि २०२१ अशा दोन्ही पुरांवरून काढला. दोन्हींत थोडा बदल आहे, तो लपवला नाही, नकाशावर "वीतभर इकडं-तिकडं" असं चक्क लिहिलं.

मग रस्त्यानं रोव्हर घेऊन चालत गेलो, जिथं रस्ता खोल जातो तिथं तिथं पॉइंट. ओढ्याचा पूल, स्मशानाकडचा वळसा, शाळेचं मैदान, पाण्याच्या टाकीचं जोतं, ट्रान्सफॉर्मर. ट्रान्सफॉर्मर कुणी मोजत नाही पण तो बुडाला की लाईट जाते आणि लाईट गेली की मोबाईल बंद, मग मेसेज बघणार कशावर. आमचा ओढ्याचा पूल डेअरीच्या पायरीपेक्षा मीटरभरानं खाली निघाला, म्हणजे डेअरीत पाणी दिसतंय म्हणून जो माणूस निघायचं ठरवतो त्याची बाहेर पडायची वाट आधीच गेलेली असते. हे गावात सगळ्यांना मोघम माहीत होतं, आकड्यात कुणीच बघितलं नव्हतं.

शेवटी नकाशा म्हणावा तर नकाशाही नाही, एक तक्ता झाला. डावीकडं वाडीची पातळी, उजवीकडं काय जातं. खाली गावाचं चित्र, तीन रंग. ते फ्लेक्सवर छापून ग्रामपंचायतीच्या भिंतीला लावलं. सरपंच वहिनींनी एकच बदल सांगितला, तो मला स्वतःला सुचला नसता. "जनावरं कधी हलवायची ती ओळ वेगळी टाका, माणसं एक वेळ बोटीत बसतील, म्हशी बसणार नाहीत." बरोबर आहे. २०१९ ला निम्मे लोक गोठ्यासाठीच मागं थांबले होते. जनावरांची ओळ पुलाच्या आधी टाकली.

जुलै २०२४ ला पंचगंगेनं परत राजारामला धोक्याची पातळी ओलांडली. मी पुण्यात, गावात फोन लावतोय, आणि आबा तिकडून तक्त्याचा फोटो पाठवून खाली "आज रात्री पूल" एवढंच लिहितात. पुलावर पाणी आलं ते रात्री नाही, दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर, कारण पाणी चढायचा वेग माझ्या तक्त्यात नाहीच, तो फक्त पातळी सांगतो. तोवर जनावरं निघालेली होती. ओढ्याच्या वरच्या अंगाला मात्र पाणी तक्त्यापेक्षा जास्त चढलं, तिथं नवीन भराव टाकून रस्ता केलाय आणि मोऱ्या बारीक आहेत, पाणी तुंबतं. म्हणजे उंच्या मोजून एकदा ठेवल्या की झालं असं नाही, दर एकदोन वर्षांनी परत बघावं लागणार.

आता लोक गटवार मागतात. महाभूनकाशा या सरकारी साइटवरून जमिनीच्या गटांच्या हद्दी घेऊन त्यावर पूर टाक आणि माझा गट बुडालेला दाखव, पंचनाम्याला लावतो. ते मी करून देत नाही. त्या हद्दी जुन्या नकाशांवरून आलेल्या, सॅटेलाईटच्या चित्रावर ठेवल्या की कुठं बांधावर बसतात तर कुठं शेजाऱ्याच्या रानात, आणि त्यात उसाखालचं पाणी रडारला दिसत नाही हे वर सांगितलंच. ज्याचा ऊस खरंच बुडाला त्यालाच माझा नकाशा कोरडा दाखवणार आणि तो कागद कुणीतरी त्याच्याच विरोधात वापरणार. गटवार करायचं तर त्याच आठवड्यात ड्रोन उडवला पाहिजे, त्याला परवानगी, पावसात उडवणं, सगळं आलं, ते काम माझ्या एकट्याच्या आवाक्यातलं नाही.

शेजारच्या दोन गावांनी तक्ता मागितलाय. त्यांना म्हटलं तक्ता जसाच्या तसा चालणार नाही, तुमच्या खुणा तुम्हीच गोळा करा, पण भिंती रंगवायच्या आधी करा, दसऱ्याला घरं सारवली की गाळाची रेघ गेली. आमच्या गावात भरावाकडचा रस्ता मे महिन्यात परत मोजायचाय. रोव्हरचं भाडं ग्रामपंचायतीनं द्यायचं का गणपतीच्या वर्गणीतून काढायचं, यावर ग्रुपवर अजून वाद चालू आहे, आणि आबा वर्गणीच्या बाजूनं आहेत.